दोन फ्लॉप्या, दोन बॅकअप: ॲपल टू वरचे डेटाबेस आणि कॉपी करण्याचा हक्क

पीएचडीला नाव घातलेल्या प्रत्येकाला कोणीतरी एकदा विचारलेलंच असतं, "थिसिसची कॉपी दुसरीकडे ठेवली आहेस ना?" हा प्रश्न नेहमी फाइलबद्दल असतो. ती फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, त्याची कॉपी ठेवली आहे का, असं कोणी विचारत नाही. विचारायची वेळच येत नाही, सॉफ्टवेअर पुन्हा डाउनलोड होतं.

१९८० च्या आसपास अमेरिकेत घरी किंवा छोट्या दुकानात ॲपल टू वापरणाऱ्या माणसाची काळजी मात्र दुहेरी होती. त्याच्याकडे दोन फ्लॉप्या असायच्या. एकीवर डेटाबेसचा प्रोग्रॅम, दुसरीवर त्याने स्वतः भरलेल्या नोंदी. नोंदींच्या फ्लॉपीचा बॅकअप घ्या असं मॅन्युअल बजावून सांगायचं. प्रोग्रॅमच्या फ्लॉपीचा बॅकअप घेता येऊ नये यासाठी मात्र त्याच कंपनीने मुद्दाम मेहनत घेतलेली असायची. या पोस्टमध्ये मला या विसंगतीबद्दल लिहायचं आहे. होम कॉम्प्युटरच्या इतिहासात कॉपी करण्याचा विषय निघाला की चर्चा थेट गेम्स आणि पायरसीकडे वळते. डेटाबेसकडे पाहिलं तर तीच गोष्ट बरीच वेगळी दिसते.

आधी डेटाबेसच का, ते सांगते. गेमची फ्लॉपी खराब झाली तर नुकसान होतं ते गेमचं. डेटाबेसचं तसं नाही. सॉफ्टवेअर पब्लिशिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमधून बाहेर पडलेल्या तिघांनी काढली. त्यांचा पीएफएस हा प्रोग्रॅम म्हणजे स्क्रीनवरचा कोरा फॉर्म: आपणच रकाने आखायचे, आपणच भरायचे, मग हवी ती नोंद शोधायची. स्टोनवेअर कंपनीचा डीबी मास्टर त्याच काळातला, थोडा जास्त ताकदीचा. गिऱ्हाइकांच्या याद्या, वर्गणीदारांचे पत्ते, दवाखान्यातले पेशंट, ग्रंथसंग्रह असा माल लोक त्यात भरत. आणि हे प्रोग्रॅम तुमच्या नोंदी कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रॅमला सहज वाचता येतील अशा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवत नसत, रचना ज्याची त्याची. म्हणजे प्रोग्रॅमची फ्लॉपी गेली की नोंदींची फ्लॉपी धडधाकट असूनही मुकी. तिजोरी शाबूत आणि किल्ली वितळलेली, असा प्रकार.

त्यात भर म्हणजे किल्लीच जास्त झिजायची. ॲपल टू मध्ये मेमरी साधारण ४८ केबी. सगळा प्रोग्रॅम एका वेळी मेमरीत मावत नसे, त्यामुळे मेनूतलं नवं काम निवडलं की त्याचा तुकडा फ्लॉपीवरून पुन्हा वाचावा लागे. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते आणि वाचणारं हेड तिच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष टेकलेलं असतं. धूळ, बोटाचा ठसा, सांडलेली कॉफी, टीव्हीजवळचं चुंबक, काहीही पुरे. ज्या दुकानात डेटाबेस रोज चालतो तिथे ही झीज रोजचीच.

आता प्रश्न असा की कॉपी अडवत कशी होते? इथे जरा यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. माझा अनुभव असा आहे की तंत्राचा इतिहास लिहिणारे आपण बरेचदा हा भाग "गुंतागुंतीची तांत्रिक प्रक्रिया" म्हणून ओलांडून जातो, आणि नेमकं महत्त्वाचं तिथेच राहून जातं.

ॲपलची डिस्क टू ही ड्राइव्ह १९७८ मध्ये आली. स्टीव्ह वॉझ्नियॅकने तिचं सर्किट इतकं काटकसरीने बनवलं की इतर ड्राइव्हमध्ये जी कामं चिप करायच्या ती इथे बहुतांशी सॉफ्टवेअरकडे आली. हेड किती सरकवायचं, बाइट कसे मांडायचे, सेक्टर कुठे सुरू होतो हे कसं ओळखायचं, सगळं प्रोग्रॅम ठरवणार. डीओएस ३.३ या १९८० च्या आवृत्तीत फ्लॉपीवर ३५ ट्रॅक, दर ट्रॅकवर १६ सेक्टर, दर सेक्टरमध्ये २५६ बाइट, मिळून १४० केबी. प्रत्येक सेक्टरच्या आधी एक खूण असते: सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात डी-५, ए-ए, ९-६ असे तीन बाइट. ही खूण दिसली की समजायचं, आता सेक्टरचा पत्ता येतोय. माहितीच्या आधी वेगळी खूण: डी-५, ए-ए, ए-डी. साध्या माहितीत डी-५ आणि ए-ए हे बाइट येऊच नयेत अशी सांकेतिक लिपीची योजना होती, म्हणून गफलत व्हायची नाही.

पण खूण काय असावी हे सॉफ्टवेअरच ठरवत असेल, तर ती बदलताही येते. कंपनीने आपल्या फ्लॉपीवर ९-६ च्या जागी दुसराच बाइट ठेवला आणि आपल्या प्रोग्रॅमला तेवढं सांगून ठेवलं की झालं. ॲपलचा स्वतःचा कॉपी प्रोग्रॅम, त्याचं नाव कॉपीए, नेहमीची खूण शोधत राहतो, त्याला ती सापडत नाही, आणि तो "आय/ओ एरर" म्हणून हात वर करतो. फ्लॉपी उत्तम आहे, फक्त अनोळखी बोलीत लिहिलेली आहे.

यावर उतारा म्हणून आले ते निबल कॉपियर. १९८१ मधला लॉकस्मिथ हा गाजलेला, आणि पोर्टलंडच्या सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअरचा कॉपी टू प्लस हा दुसरा. यांनी सेक्टर समजून घेण्याचा नाद सोडला. अख्खा ट्रॅक जसा दिसतो तसा, बाइटचा एक लांब प्रवाह म्हणून वाचायचा आणि दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवायचा. ऐकायला सोपं आहे, पण ट्रॅक गोल असतो आणि डिस्क टू ला त्याची सुरुवात कुठे हे माहीत नसतं. प्रवाह पुन्हा तोच यायला लागला हे कॉपियरने स्वतः ओळखायचं. शिवाय सेक्टरांच्या मधे जुळवणीचे खास बाइट असतात, त्यांच्या शेपटीला दोन जादा शून्य बिट जोडलेले असतात. वाचताना ते बिट गळून जातात, दिसतच नाहीत. म्हणजे जुळवणीचा बाइट कुठला आणि साधा कुठला हे कॉपियरला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला की कॉपी बिघडते.

कंपन्यांनी नेमकं हेच हेरलं. काहींनी एका ट्रॅकवर एकूण किती बाइट आहेत हे मोजायला सुरुवात केली. ही संख्या मूळ फ्लॉपी लिहिली गेली तेव्हा ड्राइव्ह किती वेगाने फिरत होती यावर अवलंबून असते. घरच्या ड्राइव्हचा वेग किंचित वेगळा असला की कॉपीत संख्या बदलते, आणि प्रोग्रॅम चालायला नकार देतो. काहींनी दोन ट्रॅकच्या मधल्या अर्ध्या ट्रॅकवर लिहिलं. हेडवर सॉफ्टवेअरचा ताबा असल्यामुळे तेही शक्य होतं. वॉझ्नियॅकची काटकसर दोन्ही बाजूंच्या कामी आली, हे मला या सगळ्यात फार गमतीचं वाटतं.

मग कॉपियर वापरणाऱ्यांनी पॅरामीटरच्या याद्या केल्या. अमुक प्रोग्रॅमसाठी अमुक ट्रॅकवर अमुक सेटिंग बदला, म्हणजे कॉपी होईल. संशोधनाच्या दृष्टीने या याद्या म्हणजे खजिना आहेत. वरवर पाहिलं तर नुसते आकडे, वाचायला रटाळ. पण नीट पाहिलं तर कुठला प्रोग्रॅम कोणत्या पद्धतीने बंद केलेला होता आणि लोकांना तो उघडायची गरज वाटत होती, या दोन्ही गोष्टींचा पुरावा त्यात आहे. मुलाखतीत कोणी सांगणार नाही ते या आकड्यांत सापडतं. गेम्सच्या गर्दीत डेटाबेसची आणि हिशेबाच्या प्रोग्रॅम्सची नावं दिसली की मी थांबते. गेमची कॉपी मित्राला देण्यासाठी केली असेल असं म्हणता येतं. गिऱ्हाइकांच्या यादीचा प्रोग्रॅम दुसऱ्यांदा कशाला लागतो? एक उत्तर अर्थातच "दुसऱ्या दुकानाला फुकट द्यायला" असं आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. तीच कॉपी, तेच आकडे, हेतू मात्र फ्लॉपीवर उमटत नाही. म्हणून या याद्यांवरून पायरसीचं प्रमाण काढायचा मोह कोणी करू नये. तो आकडा त्यात नाही.

त्या काळातल्या मासिकांमध्येही या प्रश्नावर फळी पडली होती. काही संगणक मासिकांनी निबल कॉपियरच्या जाहिराती छापायला नकार दिला. त्याच वातावरणात १९८१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून हार्डकोअर कॉम्प्युटिंग नावाचं मासिक निघालं, पुढे त्याचं नाव कॉम्प्युटिस्ट झालं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही त्यांची उघड भूमिका होती, आणि कुलूप काढायच्या कृती ते पायरी-पायरीने छापत. जाहिरातदार काय म्हणतील ही चिंता ज्याला आहे आणि ज्याला नाही, अशी दोन मासिकं शेजारी ठेवून वाचा. स्रोत कोणाच्या पैशावर उभा आहे हे विचारायची सवय लागायला याहून चांगला सराव नाही.

कमोडोर ६४ ची गोष्ट थोडक्यात सांगते. तिथली १५४१ ही ड्राइव्ह म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि २ केबी मेमरी असलेला छोटा कॉम्प्युटरच. कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर लिहीत आणि प्रोग्रॅम सुरू होताना तो "खराब" आहे ना, याची खात्री करून घेत. साध्या कॉपीत तो सेक्टर चांगला होऊन यायचा आणि पकडला जायचा. पण दर वेळी हा खराब सेक्टर वाचताना ड्राइव्ह गोंधळून हेड टोकापर्यंत नेऊन खटखट आपटायची, आणि त्या आपटण्याने हेडची जुळणी बिघडल्याच्या तक्रारी सर्रास होत्या. म्हणजे पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर सुरू करणं ही ड्राइव्हला मार देण्याची क्रिया. बॅटरीज इन्क्लुडेड कंपनीने पेपरक्लिप या वर्ड प्रोसेसरसाठी वेगळा मार्ग काढला: फ्लॉपी हवी तितक्यांदा कॉपी करा, पण जॉयस्टिकच्या खाचेत आमचा डोंगल लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालणार नाही. फ्लॉपीचा बॅकअप मोकळा झाला, डोंगलचा कसा घ्यायचा?

कायदा या सगळ्यात कुठे होता? अमेरिकेत १९८० च्या डिसेंबरमध्ये कॉपीराइट कायद्याचं कलम ११७ बदललं. प्रोग्रॅमच्या प्रतीचा जो मालक आहे त्याला जपणुकीसाठी आणखी एक प्रत करायची मुभा मिळाली. अट एवढीच की मूळ प्रत ठेवण्याचा हक्क संपला की ही प्रतही नष्ट करायची. इथे एक बारकावा आहे आणि तो अनेक लेखांत निसटतो. कलमाने ग्राहकाला कॉपी करायची मुभा दिली, पण कॉपी होईल अशी फ्लॉपी विकण्याचं बंधन कंपनीवर घातलं नाही. हक्क कागदावर, कुलूप फ्लॉपीवर. निबल कॉपियर विकणारे याच फटीत उभे होते.

ही फट न्यायालयात गेली तीही डेटाबेसच्या वाटेने. वेन रॅटलिफ नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करायचा. ऑफिसमधल्या फुटबॉलच्या पैजेसाठी आकडेमोड करता यावी म्हणून त्याने घरच्या आयएमएसएआय ८०८० या किट कॉम्प्युटरवर व्हल्कन नावाचा डेटाबेस लिहिला. पुढे ॲश्टन-टेट कंपनीने तोच डीबेस टू म्हणून विकला. (आपल्याकडे ज्यांनी क्लासमध्ये डीबेस किंवा फॉक्सप्रो शिकलं, त्यांच्या डॉट प्रॉम्प्टचा पूर्वज हाच.) डीबेस थ्री १९८४ मध्ये आयबीएम पीसीसाठी आला, किंमत ६९५ डॉलर, आणि त्याला व्हॉल्ट कॉर्पोरेशनचं प्रोलॉक हे कुलूप होतं. प्रोलॉकची कल्पना अशी: प्रत्येक फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर एक बारीकशी खूण कायमची केलेली, जी पुसता किंवा बदलता येत नाही. प्रोग्रॅम आधी ही खूण शोधतो. फाइल्स कॉपी करायला कोणाची आडकाठी नव्हती, पण मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचा नाही.

टोरोंटोच्या क्वेड सॉफ्टवेअरने कॉपीराइट नावाचा प्रोग्रॅम विकला. नावात शब्दखेळ आहे, "राइट" म्हणजे लिहिणे. त्यातला रॅमकी हा भाग प्रोलॉकला अशी समजूत करून द्यायचा की मूळ फ्लॉपी आतच आहे. व्हॉल्टने खटला भरला. फिफ्थ सर्किटच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल क्वेडच्या बाजूने दिला.

व्हॉल्टचं म्हणणं असं की जपणुकीसाठी चालणारी प्रत लागतच नाही. मूळ फ्लॉपी हाताशी आहे आणि बाजूला न चालणारी प्रत आहे, एवढं पुरे. आधी १९८३ मध्ये अटारी विरुद्ध जेएसअँडए या गेम कार्ट्रिजच्या खटल्यात इलिनॉयच्या एका न्यायालयाने कलम ११७ चा असाच आखूड अर्थ लावला होता: विजेच्या किंवा यांत्रिक बिघाडाचा धोका असेल तरच बॅकअपचा हक्क. फिफ्थ सर्किटने तो अर्थ मानला नाही. कलमात असं काही लिहिलेलं नाही, आणि मूळ फ्लॉपीच हरवली किंवा मोडली तर चालणारी प्रतच उपयोगी पडते. व्हॉल्टच्या लायसन्समध्ये प्रोग्रॅम उकलून पाहायला बंदी होती, लुईझियाना राज्याच्या एका कायद्याचा तिला आधार होता. तो आधारही न्यायालयाने काढून घेतला, कारण संघराज्याच्या कॉपीराइट कायद्यापुढे तो टिकत नव्हता.

या निकालाने कॉपी प्रोटेक्शनचा शेवट झाला असं लिहिण्याचा मोह होतो. कालक्रम मात्र उलटा आहे. ॲश्टन-टेटने १९८६ मध्येच कुलूप सोडून द्यायचं ठरवलं होतं. ऑफिसं हार्ड डिस्क वापरायला लागली होती आणि दर वेळी ड्राइव्हमध्ये मूळ फ्लॉपी घाला ही कटकट गिऱ्हाइकाला नको होती. ॲपल टू वर तर १९८४ मध्येच ॲपलवर्क्स आलं होतं, त्यात डेटाबेस होता, कुलूप नव्हतं, आणि ते त्या मशीनवरच्या सगळ्यात लोकप्रिय पॅकेजांपैकी एक ठरलं. निकाल येईपर्यंत धंद्याच्या सॉफ्टवेअरमधला हा वाद बाजारात जवळपास मिटला होता. निकालपत्र हा कारणाचा पुरावा म्हणून वापरताना तारखा शेजारी मांडाव्या लागतात, त्या अशा.

भारतात कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम १९८४ च्या दुरुस्तीने आले आणि बॅकअपची मुभा १९९४ च्या दुरुस्तीने, कलम ५२ मध्ये: हरवणं, नष्ट होणं, बिघडणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून प्रत करता येईल. युरोपात १९९१ च्या निर्देशाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आवश्यक असेल तिथे बॅकअप घेण्यापासून ग्राहकाला करारानेसुद्धा रोखता येत नाही. तिन्ही तरतुदी शेजारी ठेवून कोणी मराठीत तुलना केली तर मला वाचायला आवडेल. विषय मोकळा आहे.

आता आपल्या, म्हणजे संशोधकांच्या, दारात हा प्रश्न कसा येतो ते पाहा. चुंबकीय फ्लॉप्या चाळीसेक वर्षांनी खराब होत चालल्या आहेत. बंद फ्लॉप्यांच्या प्रती मुळातच कमी. त्यामुळे आज इम्युलेटरवर ॲपल टू चे जुने प्रोग्रॅम उघडतो तेव्हा बऱ्याचदा हातात येते ती क्रॅक केलेली प्रत. कोणीतरी तपासणीचा कोड काढून टाकलेला, काही वेळा सुरुवातीला स्वतःच्या नावाचा स्क्रीन जोडलेला, जागा वाचवायला एखादा भाग छाटलेला. हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. मूळ पोथी गेलेली, हाती आहेत त्या नकलाकारांच्या प्रती, आणि प्रत्येक नकलाकाराने काहीतरी घातलं-गाळलं आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती अशाच अडचणीतून. सॉफ्टवेअरच्या इतिहासालाही पाठचिकित्सा लागते हे अजून फार लोकांच्या गावी नाही. क्रॅक केलेल्या डीबी मास्टरवरून "हा प्रोग्रॅम इतक्या सेकंदांत सुरू व्हायचा" असं विधान केलं, तर ते विधान क्रॅकरच्या प्रतीबद्दल आहे. मूळ प्रत सुरू होताना आधी कुलूप तपासायची, त्याला वेळ लागायचा.

गेल्या काही वर्षांत मूळ फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल कालांतरासकट टिपणारी उपकरणं आली. क्रायोफ्लक्स हे एक, आणि ॲपलच्या फ्लॉप्यांसाठी ॲपलसॉस. त्याच्याबरोबर २०१८ मध्ये वॉझ नावाचं फाइल फॉरमॅट आलं. निबल कॉपियरला न दिसणारे ते जादा शून्य बिट यात नोंदवले जातात. म्हणजे कुलुपासकट प्रत. इम्युलेटर कुलूप तपासतो, कुलूप समाधानी होतं, प्रोग्रॅम चालतो. कायद्याच्या बाजूने, अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कायद्याने कुलूप तोडणंच बेकायदा केलं होतं. इंटरनेट आर्काइव्हच्या मागणीवरून २००३ मध्ये त्यातून सूट मिळाली ती कालबाह्य फॉरमॅटमधल्या आणि मूळ फ्लॉपी किंवा हार्डवेअर मागणाऱ्या प्रोग्रॅम्सना. मोडलेल्या आणि आता न मिळणाऱ्या डोंगलसाठी वेगळी सूट होती.

तुम्ही या काळातलं सॉफ्टवेअर स्रोत म्हणून वापरणार असाल तर तळटीपेत नाव आणि साल एवढ्यावर थांबू नका. प्रत कुठली आहे, क्रॅक केलेली की कुलुपासकट टिपलेली, कुठल्या आवृत्तीची, कुठल्या इम्युलेटरवर पाहिली, हे लिहा. आणि कोणाच्या माळ्यावर नोंदींची फ्लॉपी सापडलीच, तर ती वाचायला बसण्याआधी शेजारच्या खोक्यात प्रोग्रॅमची फ्लॉपी आहे का ते बघा.